डावा, उजवा आणि क्लीनर साइड

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार. ठरलेला खर्च एकतीस हजार पाचशे रुपये. जागा पोलादपूरला महामार्गालगतचं गॅरेज. हजर तिघं: मी, माझी बायको आणि मिस्त्री. शिवाय आमची गाडी, जी वयानं माझ्याहून दोन वर्षांनी मोठी.

आदल्या दिवाळीत आंबेनळी घाट उतरताना मागच्या एका चाकाच्या ब्रेक ड्रममधलं ऑइल गळलं आणि पेडल पार तळाला गेलं. मी गिअर खाली टाकत टाकत गाडी डोंगराच्या बाजूला टेकवली. महाडला घरी आल्यावर बायको म्हणाली, "ब्रेक असे करा की मी स्वतः तपासून बसेन. नाहीतर विकून टाका." वीर गावचे एक गृहस्थ गाडी बघून गेले होते. त्यांना या रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

गाडीला पुढे डिस्क ब्रेक होतेच. जुन्या ड्रमचं सामान आता धड मिळत नाही, म्हणून मागेही डिस्कच बसवा, हे मिस्त्रींचं मत मला पटलं. सामानाला एकोणीस हजार आठशे गेले. औद्योगिक वसाहतीजवळच्या लेथवाल्यानं अ‍ॅक्सलवर बसणाऱ्या जाड पट्ट्या कापून दिल्या, त्याचे पाच हजार सातशे. मजुरी सहा हजार. हँडब्रेकसाठी केबलवर चालणारा छोटा वेगळा चिमटा घेतला, तो सामानातच धरला होता. पट्ट्यांची मापं मी स्वतः तीनदा घेतली होती.

बारा वाजेपर्यंत सगळं जागेवर बसलं. राहिलं हवा काढण्याचं काम. ऑइलच्या नळीत हवा राहिली तर पेडल मऊ लागतं. त्यासाठी एकानं पेडल दाबायचं आणि दुसऱ्यानं चाकाजवळचा निपल सैल करून हवा बाहेर सोडायची. पेडलवर बायको बसली. तपासायचं तिलाच होतं.

"वैनी, दाबा. धरून ठेवा. सोडा," मिस्त्री गाडीखालून सांगत होते.

पाऊण तास हेच चाललं. निपलला जोडून बाटलीत सोडलेल्या नळीत बुडबुडा येईना, तरी पेडल मऊच. मी फूटपट्टी लावली. पेडल अकरा सेंटिमीटर खाली जात होतं. पाचच्या आत थांबायला हवं होतं.

"इडली दाबल्यासारखं लागतंय," बायको म्हणाली. "अहो, त्या वीरच्यांना फोन करा."

"वैनी, दोन मिनिटं थांबा."

"तुमची दोन मिनिटं साडेबारापासून चालू आहेत."

मिस्त्री पुन्हा खाली सरकले. थोड्या वेळानं त्यांचं हसणं ऐकू आलं.

"भाऊ, ह्या कॅलिपरवर चिठ्ठ्या कुनी लावल्या?"

कॅलिपर म्हणजे डिस्कला दोन्हीकडून आवळणारा भाग. मागच्या रविवारी मिस्त्री घरी आले होते. गाडीसमोर उभं राहून त्यांनी दाखवलं होतं, हा त्या चाकाचा, हा ह्या चाकाचा. मी शेजारीच उभा राहून, घोळ नको म्हणून, चिठ्ठ्यांवर 'डावा' आणि 'उजवा' लिहिलं होतं.

"मी लावल्या," मी म्हणालो.

"गाडीच्या तोंडाकडं बघत?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. समोर उभं राहिलं की माझा डावा हात गाडीच्या उजव्या चाकाकडे येतो. दोन्ही कॅलिपर उलट बाजूंना बसले होते. निपल वरच्या टोकाला असायला पाहिजे, तो तळाला आला होता, आणि हवा मजेत वर बसून होती.

"आमच्या धंद्यात डावा-उजवा नाय भाऊ. ड्रायव्हर साइड, नाय तर क्लीनर साइड. क्लीनर कुठं बी उभा राहू दे, त्याची साइड बदलत नाय."

"पण बसवताना तुम्हाला दिसलं नाही?"

"एवढं वळणदार अक्षर हाय तुमचं! म्हटलं, हिशोबातला मानूस, चुकायचा नाय. मी डोकंच लावलं नाय."

बायको पेडलवर पाय ठेवूनच हसत होती. "तीन वेळा मोजतात, आणि उभं कुठं राहायचं ते विसरतात!"

मी मिस्त्रींना सांगितलं की चूक माझी आहे, अदलाबदलीची मजुरी वेगळी लावा. कॅलिपर बदलले. ऑइलचा दुसरा डबा आणला. या वेळी नळीतून बुडबुड्यांची माळ निघाली. फूटपट्टीवर पेडल साडेचारला थांबलं. बायकोनं दोन्ही पायांनी दाबून पाहिलं, आणखी खाली जाईना.

मग आम्ही तिघं आंबेनळी घाट निम्मा चढून परत उतरलो. उतारावर ती सांगेल तिथं मी ब्रेक मारायचा, असं ठरलं होतं. तिनं नऊ वेळा सांगितलं. शेवटची वेळ दिवाळीतल्याच वळणावर होती. गाडी सरळ रेषेत थांबली. चार वाजून दहा मिनिटांनी तिनं स्वतःच वीरला फोन लावला आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं.

अदलाबदलीच्या जादा कामाचे मी हजार रुपये काढले. मिस्त्रींनी त्यातले पाचशे ठेवून घेतले आणि उरलेले पाचशे बायकोपुढे धरले. "हेल्परची मजुरी, वैनी. पेडल तुमीच मारलंत." तिनं ते न लाजता पर्समध्ये टाकले.

मिस्त्रींना मजुरी, जादा काम आणि दुसऱ्या डब्याचे चारशे ऐंशी मिळून सहा हजार नऊशे ऐंशी दिले. बायकोला पाचशे.