लंगडत येणारं अक्षर

तांदूळ निवडता निवडता आईचा हात थांबला. "ते लंगडं परत आलं बघ," ती म्हणाली.

मी हौशी रेडिओवाला. बिनतारी संदेशांची मोर्स लिपी शिकत होतो. स्पीकरवर नुसती आखूड-लांब टिकटिक, तिच्यातून अक्षरं ओळखायची. रविवारी परीक्षा होती आणि मला इंग्रजी एल काही केल्या ओळखू येत नव्हता. घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी, म्हणून ठिपक्या-रेघांचा तक्ताच भिंतीवर लावून घोकला होता. पण तक्ता आठवेपर्यंत पुढची दोन अक्षरं निघून जायची.

"लंगडं म्हणजे गं?"

"एक पाऊल हलकं, एक जड, मग दोन पटपट. तुझा मामा असाच चालतो की!"

तक्त्यात पाहिलं, तर ठिपका, रेघ, दोन ठिपके: तो एलच. आई शाळेची पायरी चढलेली नाही. पण आमच्या जिन्यावर कोण येतंय, हे ती दार न उघडता सांगते. तेच कान तिनं इथं लावले होते.

मी तक्ता काढून टाकला. रविवारी एल वाजला, मामा डोळ्यांसमोरून लंगडत गेला आणि मी हसत हसत लिहिलं. पास झालो.

आईला अक्षरओळख नाही, असं मी लोकांना सांगायचो. आता सांगत नाही.