सुळ्ळूरपेटला पाहिलेला बाण

जळगाव स्टेशनात गाडी शिरायच्या आधीच मी पिशव्या तीनदा मोजल्या होत्या. मी प्रवासाला भितो हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. गाडी चुकेल, सामान जाईल, पाणी बाधेल, असल्या शंका माझ्या पिशवीत टॉवेलच्याही आधी भरलेल्या असतात. पण या खेपेचं भय निराळं होतं. माझा धाकटा भाऊ बापू मद्रासच्या अलीकडे, समुद्रकाठच्या एका बेटावर रॉकेट सोडतात, तिथे इंजिनिअर आहे. त्याचं रॉकेट उडायचं होतं आणि मी आणि आमची माय ते पाहायला निघालो होतो.

याआधीचं रॉकेट उडालं आणि थोड्याच वेळात समुद्रात कोसळलं. त्यानंतर बापू रजा घेऊन अमळनेरजवळच्या आमच्या गावी आला. आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) दिवस होते. बहिणी माहेरी आलेल्या, कडुनिंबाला झोके बांधलेले, आणि हा मळ्यातल्या विहिरीच्या काठावर पाय सोडून बसायचा. जेवायला हाक मारली तर नुसती मान हलवायचा. एकदा मी अगदी पाठीशी जाऊन उभा राहिलो तरी त्याला चाहूल लागली नाही. तेव्हापासून एकच धास्ती मला लागून राहिली. हेही पडलं तर हा पोरगा स्वतःचं काही बरंवाईट करून घेईल. हे मी कोणाजवळ बोललो नव्हतो. मायजवळ तर नाहीच.

मायची भीती साधी होती. तिच्या लेखी रॉकेट म्हणजे दिवाळीतला बाण, फक्त मोठा. "तठे आग ऱ्हास. मना बापू तिना जोडे काम करस," (तिथे आग असते, माझा बापू तिच्याजवळ काम करतो) असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

निघायचं दोनदा ठरलं आणि दोनदा मोडलं. दोन्ही वेळा बापूची तार आली, 'पुढे ढकललं'. दोन्ही वेळा प्रवासासाठी केलेल्या दशम्या आळीत वाटून टाकाव्या लागल्या. तिसऱ्या खेपेला माय म्हणाली, "आते मी तठेच जाईसनी बसस. तो कवय बी उडो." (आता मी तिथेच जाऊन बसते, तो केव्हाही उडो.) मी दाळमिलमध्ये कारकून. मालकाकडे रजा मागताना रॉकेट पाहायला जातो म्हणायची लाज वाटली, म्हणून तिरुपतीला जातो म्हणालो. त्यांनी वर प्रसाद आणायला सांगितलं.

नागपूरला गाडी बदलली. बल्लारशा मागे पडलं आणि फलाटांवरच्या पाट्या मला वाचता येईनाशा झाल्या. नावं कळत नाहीत म्हटल्यावर मी प्रत्येक स्टेशनावर उतरायच्या तयारीनं दारात जाऊन उभा राहायचो. माय मात्र शेजारच्या तेलुगू बाईशी अहिराणीत बोलत होती आणि ती बाई तेलुगूत उत्तरं देत होती. "तिना बी धाकला पोऱ्या दूर शे," (तिचाही धाकटा मुलगा दूर आहे) मायनं मला सांगितलं. तिला हे कसं कळलं, देव जाणे. गुडूरला पुन्हा गाडी बदलताना माझी एक चप्पल रुळांत पडली. उरलेली पिशवीत टाकून मी सुळ्ळूरपेटला अनवाणी उतरलो.

गाव लहान. तांदळाच्या दुकानावर लॉज. बेट तिथून पुढे, पुलिकत नावाच्या खाऱ्या सरोवरापलीकडे. मधून सरळ रस्ता जातो आणि दोन्ही अंगांना नुसतं पाणी. ते पाणी पाहिलं आणि मला विहीर आठवली.

बापू त्या दिवशी उभ्याउभ्या भेटून गेला. दाढी वाढलेली, गाल बसलेले, बोटांची सारखी चाळवाचाळव. मायनं त्याचे दोन्ही हात उलटसुलट करून कुठे भाजलंय का ते पाहिलं.

"नाना, या खेपेला जाईल," तो मला म्हणाला.

"आणि नाही गेलं तर?" माझ्या तोंडून निघून गेलं.

 तो बस आली म्हणून निघून गेला. मी स्वतःला नाही नाही ते बोललो.

मग तिथेही लांबणीवर लांबण. आधी वारा आड आला. नंतर एका सकाळी आम्ही सरोवराच्या काठी जाऊन बसलो आणि उलटी मोजणी अगदी शेवटाला येऊन थांबली. कुठलीशी झडप अडकली म्हणे. लोक चटया गुंडाळून घरी गेले. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. उडालं नाही म्हणजे पडलंही नाही. मायला सांबार सोसत नव्हतं. ती दहीभात खायची आणि दुपारभर खिडकीतून बेटाच्या दिशेनं धूर दिसतो का बघत बसायची.

शेवटी तो दिवस उजाडला. काठावर ही गर्दी. आमच्या शेजारी लॉजमधलेच एक पाहुणे होते, इटारसीचे निवृत्त गार्ड. त्यांच्या हातात ट्रान्झिस्टर होता. पाण्यात दूरवर रोहित पक्षी उभे होते. मायनं माझं मनगट धरलं ते सोडेचना.

आधी उजेड दिसला, आवाज नाहीच. पलीकडच्या झाडांवर एक पांढरा ठिपका पेटला आणि वर सरकू लागला. मग आवाज आला, तो कानात नाही, छातीत. पक्षी एकदम उठले. लोक टाळ्या वाजवत होते. मी मात्र ठिपक्यावरून नजर हलवली नाही. बाण ढगात शिरला, मागे धुराची शेपटी राहिली, तीही वाऱ्यानं वाकडी झाली.

गार्डांनी ट्रान्झिस्टर कानाला लावला होता. त्यांचा चेहरा उतरत गेला. हात खाली घेऊन ते म्हणाले, "गया।"

म्हणजे हेही पडलं, हे मला कळलं. आणि माय उठून टाळ्या वाजवू लागली. अहिराणीत 'गया' म्हणजे गेला, सुखरूप मार्गी लागला. घरून निघालेला माणूस जातो, तसा. "गया! मना बापूना बाण गया!" ती शेजारच्या बायकांना सांगत सुटली. गार्ड माझ्याकडे बघत राहिले. मला तिला थांबवायचा धीर झाला नाही.

तिला लॉजवर सोडून मी नाक्यावर गेलो. बेटावरून कामगारांच्या बसेस येऊ लागल्या. माना खाली घातलेली माणसं उतरत होती. बापू नव्हता. दुसरी बस आली, तिसरी आली. एकाला विचारलं तर तो म्हणाला, "तो मघाशीच निघाला, एकटा." मला त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांचं पाणी दिसू लागलं. मी रस्त्यानं बेटाकडे धावत सुटलो. पुढे पहारेकऱ्यानं अडवलं. काठाकाठानं बघत, हाका मारत परत आलो.  मायला आता काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

लॉजच्या खोलीचं दार उघडं होतं. बापू मायसमोर जमिनीवर बसला होता. वाटेत कोणाच्या तरी स्कूटरवर बसून आला होता. माय त्याची पाठ थोपटत होती. "गया ना रे, बापू. मी मना डोयाघाई देखा." (मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.)

मी उंबऱ्यातच थिजलो. बापूनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. हसू होतं की रडू, मला कळेना.

"माय," तो म्हणाला, "ते आपलं 'गया' नही शे. ते हिंदीतलं 'गया' शे."

"म्हंजे?"

"म्हंजे पडी गया. समुद्रमा."

 मायनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून नीट पाहिला. "बाण पडना ते पडना," ती म्हणाली. "तू ते नही पडना ना?"

बापूनं तिच्या मांडीवर डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडला. आखाजीला तो रडला नव्हता. मी भिंतीला टेकून खाली बसलो, मलाही आवरेना. मग मायनं त्याला हात धुवायला लावले आणि खानावळीतून सांबारभात मागवला. तो दोनदा मागून जेवला. जेवताना मला म्हणाला, "नाना, सोमवारपासून कारण शोधायला बसायचंय. बहुतेक मला ठाऊक आहे कुठे चुकलं ते."

परतीच्या वाटेवर मी पुन्हा प्रत्येक स्टेशनावर दारात उभा होतो. जात्याच भित्रा माणूस, एका प्रवासानं काय बदलणार. अमळनेरला उतरलो तेव्हा ओळखीच्या बायकांनी मायला गराडा घातला. बाण पाहिला का, कसा होता, गेला का. मी घाईघाईनं पिशव्या उचलल्या. लोक काय म्हणतील, बापूचं नाव कसं निघेल, हे ऐकायला मला थांबायचं नव्हतं.

"पडी गया," माय मोठ्यानं म्हणाली. "आते दुसरा करी ऱ्हायना मना पोऱ्या."

मी पिशव्या खाली ठेवल्या आणि तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो.