पुराव्याची बरणी

माझ्या फजितीला साक्षीदार शोधायला नको, मंडळी! ती तारीखवार, माझ्याच अक्षरात लिहिलेली आहे. ऐका.

आमच्या नार्व्यात डेंग्यू शिरला. शेजारचा शाबी तापाने फणफणला. मी लगेच वही घेऊन त्याच्या परसात. करवंट्यांचा ढीग, पाणी साचलेलं आणि आत अळ्यांची वळवळ!

"भाऊ, मी हयसर मरतंय नि तुमी थंयसर काय मोजतास?" खिडकीतून शाबी कण्हला.

करवंट्या! सगळ्या मोजल्या, पालथ्या केल्या. फक्त एकीतलं पाणी अळ्यांसकट लोणच्याच्या बरणीत घालून घरी आणलं. कशाला? पुरावा! ग्रामसभेसाठी अर्जही दिला: गावात डास पोसणाऱ्याचं नाव भर सभेत वाचावं.

बरणीला झाकण? छे! पुरावा गुदमरला असता ना!

रोज नोंद. 'अळ्या जाड झाल्या.' 'आज स्वल्पविरामासारख्या वाकल्या.' मग एके सकाळी, ठळक अक्षरात: 'एकही अळी नाही. सर्व मेल्या.'

तीन आठवड्यांनी माझी बायको सुमन आडवी झाली. डेंग्यूच! प्लेटलेट्स घसरत चालल्या, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. शाबी नुकता उठलेला, तरी त्यानेच गाडी काढून तिला साखळी शहरातल्या इस्पितळात नेलं. आणि मी? मागच्या सीटवरून त्यालाच, "तुझ्या करवंट्यांनी मारली हिला!"

बिचाऱ्याने गाडीचा वेग तेवढा वाढवला.

दुसऱ्या दिवशी आरोग्यसेविका घर तपासायला आली. मी ऐटीत वही पुढे केली. तिने शांतपणे पानं वाचली.

"काका, मेलेली एक तरी अळी बघितलीत?"

"नाही. पाणी स्वच्छ होतं."

"मग मेल्या कशा? डास होऊन उडाल्या! वाड्यावर आजारी माणसं आहेतच. कुणाला तरी चावून परत इथे. बरणी कुठे ठेवलेली?"

"खिडकीत. सुमनच्या शिवणयंत्राजवळ."

पुढचे पाच दिवस मी वहीत फक्त प्लेटलेट्सचे आकडे लिहिले. ती अक्षरं आज मलाच लागत नाहीत.

सुमन वाचली.

ग्रामसभेत माझा अर्ज निघाला. "नाव वाचायचं काय?" सरपंचांनी विचारलं. शाबी मान खाली घालून बसला. पहिला हात वर झाला तो सुमनचा, इस्पितळातल्या सुयांनी काळानिळा पडलेला.

"वाचा की! ह्यांनाच वाचू द्या. वहीतलं अक्षर ह्यांचंच आहे."