आधी शेण, मग मळी

सेंद्रिय शेतीचा गट काढला की पीक येवो न येवो, किस्से मात्र भरघोस येतात. त्यांना ना पाणी लागतं, ना खत. हिंगोलीकडच्या गोरेगावच्या अलीकडे आमच्या गावात आम्ही असा गट काढला. गंगाधरकाकांच्या गोठ्यात टाकी ठेवली आणि त्यात शेण, गोमूत्र कालवून जीवामृत करू लागलो. शेणातल्या जिवाणूंना गोड खाऊ लागतो. लोक त्यासाठी गूळ घालतात, आम्ही साखर कारखान्यातली मळी घालतो. उसातली साखर काढून घेतल्यावर मागे राहतो तो काळा, चिकट पाक. आमच्या हळदीच्या पिकाला तो फार मानवला. काकांनाही मानवला, आणि तिथेच घोळ झाला.

कारण काकांना शुगर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणूस आवाजावरून ओळखायचे. हिंगोलीचे डॉक्टर म्हणाले, "शुगर खाली आल्याशिवाय मी डोळ्याला हात लावणार नाही." ऑपरेशन एकदा पुढे गेलं, मग पुन्हा गेलं. काकांच्या बायकोला, कौसाकाकूंना, रात्रंदिवस एकच घोर. नजर पुरती जायच्या आत एवढं ऑपरेशन व्हावं.

* * *

पहिली मळी शिवाजीनं आणि मी सेनगावहून जीपमधून आणली. शिवाजी म्हणजे आमच्या गटाचा उत्साह. कॅन पायांत धरून बसलो होतो. उन्हानं मळी आतल्या आत फुगली आणि झाकण उडालं. समोर पांढऱ्याशुभ्र शर्टातला एक पोरगा बसला होता, पोरगी बघायला निघालेला. बिचाऱ्याचा शर्ट छातीपासून खालपर्यंत काळा.

"डाग जाईल का वो?" त्यानं रडवेल्या आवाजात विचारलं.

शिवाजी म्हणाला, "डाग जाईल. मुंग्या न्हाई जायच्या."

पुढे तो लग्नाची पत्रिका द्यायला आमच्याकडे आला. पोरीचा बाप म्हणाला होता, "शेतात हात घालणारा पोरगा दिसतो, देऊन टाका."

* * *

ह्याच शिवाजीनं स्वतःच्या मिरचीला पाणी न मिसळता नुसती मळी ओतली. चार दिवसांत रोपं मान टाकून बसली, आणि वासावर आलेल्या रानडुकरांनी अख्खा वाफा उकरून टाकला.

"आरं, एवढी काहून ओतली?" काकांनी विचारलं.

"घरी पाहुणा आला तर आपण आग्रह करतोच की. मंग पिकाला काहून न्हाई करायचा?"

काका विचारात पडले. म्हणाले, "पाहुणा मेला तुझा."

* * *

आता काकांकडे वळू. टाकीत मळी मोजून घालायचं काम त्यांचं. "चव घेतल्याबिगर माल कळत न्हाई," असं म्हणून ते आधी मळीच्या पिंपात बोट बुडवायचे. माल त्यांना एका बोटात कधीच कळत नसे.

घरी मात्र शपथेवर सांगायचे, गोडाला शिवलो न्हाई म्हणून. एका संध्याकाळी म्हाळप्पा धनगराची बकरी रस्ता सोडून थेट ओट्यावर आली आणि काकांचं उजवं बोट चाटू लागली.

"बोट काहून चाटून राहिली वो ती?" काकूंनी विचारलं.

"घामाचं मीठ आसंल."

काकूंनी काकांचा डावा हात धरून बकरीपुढे केला. बकरीनं हुंगला आणि तोंड फिरवलं.

"ह्या हाताला घाम येत न्हाई व्हय?" काकू म्हणाल्या.

* * *

दुसऱ्या दिवशी काकूंनी नवा नियम काढला. आधी मगानं शेणकाला, म्हणजे पाण्यात कालवलेलं शेण, टाकीत घालायचा, मग त्याच मगानं मळी, आणि तीही शेणानं भरलेल्याच हातांनी. "आता घ्या चव," म्हणाल्या.

तालुक्याहून एक साहेब बघायला आले. त्यांनी विचारलं, "आधी शेण, मग मळी. यामागचं कारण काय?"

गोठ्याच्या कोपऱ्यातून काकूंचा आवाज आला, "कारण हाय साहेब, पण ते घरातलं हाय."

साहेबांनी मान हलवली आणि पुढच्या गावात जाऊन हाच क्रम सांगितला. परवा कळमनुरीकडचा माझा मेहुणा मला बजावत होता, "आधी शेणच पाहिजे भाऊजी, नाहीतर जीवामृत उतरत नाही." मी म्हटलं, बरोबर आहे.

* * *

शेणाचे हात धुऊन काका परत पिंपाकडे जायचेच. झाकणही उघडं टाकायचे. "मुंग्या पडल्यात त्याच्यात," काकू सांगायच्या. काकांना वाटायचं, बाई भेवडवायला काहीबी बोलते.

शेवटी काकूंनी सूप घेतलं, झाकण लावलं आणि पिंपावरच बसल्या. तूर तिथेच निवडायच्या, शेंगा तिथेच सोलायच्या. काकांचा चहा बिनसाखरेचा झाला त्या दिवसापासून काकूंचाही झाला होता. सणाला पोळीत पुरण भरायचं सोडलं होतं. आम्ही म्हणायचो, काकू, तुम्हाला कुठं शुगर आहे? त्या म्हणायच्या, "एकटीच्या घशाखाली उतरत न्हाई."

हळद काढणीला आली तोवर शुगर खाली आली आणि एका डोळ्याचं ऑपरेशन पार पडलं.

* * *

डॉक्टरांनी बाहेर फिरायला परवानगी दिली त्या दिवशी काका काळा चष्मा लावून आधी गोठ्यात आले. आम्ही सगळे जमलोच होतो. काकू पिंपावरून उतरल्या आणि झाकण काढलं.

"बघा."

काका वाकले. मळीवर मुंग्यांचा थर होता, आणि त्यात दोन झुरळं.

त्यांनी आपलं उजवं बोट डोळ्यांसमोर धरलं. मग हळूच म्हणाले, "हे म्या..."

"व्हय," काकू म्हणाल्या.

शिवाजी हसू दाबत म्हशीच्या आड गेला.

काका सरळ झाले. चष्मा काढून हातात घेतला आणि काकूंकडे बघत राहिले.

"तू कवा गं एवढी वाळलीस?"

काकूंनी पदर सारखा केला. शेणाची पाटी उचलून त्यांच्या हातात दिली.

"आधी हे टाका," म्हणाल्या.