मल्लाप्पांच्या कानामागचा आवाज

कोल्हापुरात एमआरआय नवीन होतं तेव्हा मी तिथं रेडिऑलॉजिस्ट. रिपोर्ट फाइलला लागतात, पण माणसं जाता जाता जे बोलून जातात ते कुठं ठेवायचं? चहाला बसून एक किस्सा आठवला की मागनं चार येतात!

*

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीतला एक कामगार. एमआरआयच्या धाडधाड आवाजानं भलेभले घाबरतात. हा पठ्ठ्या आत चक्क झोपला! उठवला तर म्हणतो, "आमच्या खात्यापेक्षा लई शांत हाय की हितं!"

*

गडहिंग्लजचे मल्लाप्पा, गुळाचे व्यापारी. खोकला आला की डोकं फुटायचं, उजव्या कानात सतत घूं-घूं. माणूस लिंगायत. स्कॅनला धातू चालत नाही, तर गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी काढेनात.

"जीव गेला तरी लिंग अंगावेगळं करणार न्हाय!"

नवरा-बायकोचं कन्नडमध्ये जोरात वाजलं. शेवटी त्यांच्या बायकोनं, शांताक्कांनी, डबीतलं लिंग फडक्यात गुंडाळून त्यांच्या दंडाला बांधलं.

"देव चालतोय न्हवं आत? डबी मी धरते."

*

स्कॅन बघून मी चक्रावलो. लहान मेंदूचं टोक मानेत सरकलेलं! काहींना ते जन्मापासून असतं. पण मल्लाप्पा पूर्वी स्कूटरवरून पडले होते, तेव्हाच्या सीटी स्कॅनमध्ये सगळं जागच्या जागी. म्हणजे हे नंतर झालेलं. मेंदूला जागा करायला आमच्या सर्जनसाहेबांनी कवटीमागचं हाड कापायची तारीख दिली. मल्लाप्पांचा चेहरा पार उतरला.

तेवढ्यात शांताक्का म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यांच्या डोक्यातला आवाज मलाबी ऐकू येतोय. शेजारी झोपलं की."

"दोघांनाही ॲडमिट करा!" कुणीतरी हसलं. सर्जनसाहेब हसले नाहीत. त्यांनी कानामागं स्टेथोस्कोप ठेवला. नाडीच्या ठोक्यागणिक घूं... घूं! मग काय, सिस्टर, टेक्निशियन, मी, ऐकायला रांगच लागली.

"या पावणं, दमानं!" मल्लाप्पा म्हणाले. "सगळ्यास्नी ऐकू येतंय."

पुढच्या तपासणीत कळलं, कानामागं धमनी थेट शिरेला जोडली गेली होती. त्या दाबानंच मेंदू खाली ढकलला असावा, असा अंदाज. हाड कापणं थांबलं. मुंबईत मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून ती जोड बंद करायची ठरली. जमेलच असं कुणी छातीठोक सांगेना.

*

काही महिन्यांनी दोघं परत आले. नव्या स्कॅनमध्ये मेंदू वर चढून जागेवर! मी तो फोटो दिसेल त्याला दाखवत सुटलो. सर्जनसाहेबांनी स्टेथोस्कोप लावला. "गेला आवाज!"

शांताक्कांना पटेना. "सरका वाईच." भरल्या ओपीडीत त्यांनी नवऱ्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कानामागं आपला कान टेकवला.

"गप बसा की समदी!"

पेशंट, सिस्टर, फोनवर बोलणारा औषध कंपनीचा माणूस, सगळे चिडीचूप. मल्लाप्पा तर श्वास रोखून बसलेले.

मग शांताक्कांनी मान वर केली. डोळे भरून आले होते. मल्लाप्पांच्या पाठीत त्यांनी एक धपाटा घातला.

"आता घोरा खुशाल!"