तिसऱ्या मजल्यावरचा माझा आवाज

मी बीएस्सी अ‍ॅग्री आहे. आमच्या घरात जिन्न-भूत असला विषय कोणी काढला तर अब्बा त्याला सरळ दुकानाबाहेर काढायचे, आणि मीही त्यांच्याच वळणावर गेले. इथे लोक लिहितात ते अनुभव मी जेवताना वाचायचे, हसायचे, प्लेटमधलं संपलं की मोबाइल ठेवून द्यायचे. त्यामुळे स्वतः काही लिहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं... आणि अजूनही लिहिताना लाजच वाटते आहे.

मी मूळची नांदुऱ्याची. स्टेशनकडून गावात येताना अब्बांचं गाद्या-रजया भरायचं दुकान आहे. शिक्षण झाल्यावर पुण्यात एका बियाणं कंपनीच्या शेतकरी हेल्पलाइनवर नोकरी लागली. म्हणजे कंपनी वेगळी, हेल्पलाइन चालवणारा ठेकेदार वेगळा. पण शेतकऱ्यांना काय, फोन उचलणारी मीच कंपनी. हडपसरच्या बाजूला एका इमारतीत तिसरा मजला. आमची पूर्ण टीम वऱ्हाडातली होती. मुद्दाम तशी घेतलेली. बीटी कपाशी लावणाऱ्या माणसाला त्याच्या बोलीत उत्तर मिळालं की तो अर्धा शांत होतो, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. पुण्याची मुलं आमचं बोलणं ऐकून हसायची. आम्हीही हसायचो.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर प्रमोद बसायचा, दुसरबीडचा. "हो भाऊ, बोला ना भाऊ," हे त्याचं ठरलेलं. दिवसभर माझ्या डाव्या कानात तेच चालू.

मग ते गुलाबी बोंडअळीचं वर्ष आलं. बीटीला अळी लागत नाही म्हणून लोकांनी लावलेली कपाशी, आणि बोंड फोडलं की आत अळी बसलेली. फोन इतके वाढले की पाणी प्यायला उठता येईना. आम्ही काय सांगायचं ते स्क्रीनवर लिहून यायचं — आपली तक्रार नोंदवली आहे, प्रतिनिधी भेट देतील. त्यापलीकडे एक शब्द नाही. पीक काढून टाका वगैरे तर अजिबात नाही. टीम लीडर मागून फिरत असायचे आणि कोण जास्त बोलतंय ते ऐकायचे.

गंमत बघा, फोन वाढत होते आणि माणसं कमी होत होती. ठेका संपणार, दुसरीकडे जाणार, अशी कुजबुज. कोणाला काढलं ते कोणी सांगत नसे. सकाळी खालच्या गेटवर कार्ड लावायचं, हिरवा दिवा लागला तर तुमची नोकरी आहे. लाल लागला की वॉचमन दादा खाली बघायचे. जिन्यात, चहाच्या टपरीवर, सगळ्यांच्या तोंडी तोच विषय. कोणाचं लग्न ठरलेलं, कोणाच्या भावाची फी. प्रमोद तर गेटवर कार्ड लावताना डोळे मिटायचा. एक दिवस त्याचा लाल लागला. त्याच आठवड्यात माझाही. डबा हातात घेऊन मी तशीच रस्ता ओलांडून बसस्टॉपवर बसले. नंतर कळलं, सगळी टीमच काढली आणि मजला रिकामा करून मालकाच्या ताब्यात दिला.

नांदुऱ्याला परत आले. दुकानात कापूस पिंजायला बसू लागले. फोमच्या गाद्या आल्यापासून तेही काम कमीच. अर्ज करत होते, उत्तर येत नव्हतं. अम्मी काही बोलायची नाही, फक्त कोणी पाहुणा आला की "पोरगी सुट्टीवर आली" सांगायची.

एका दुपारी गंगामावशी दुकानात आल्या. गावाबाहेरच्या रस्त्याला त्यांचं वावर आहे. नवरा गेल्यापासून एकट्या कसतात. मला लहानपणापासून ओळखतात, आमच्या दुकानात कापूस आणून द्यायच्या, मला मांडीवर घेऊन बसायच्या. त्या आत आल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या.

"तू इथं कवा आली वं?"

"झाले की दिवस, मावशी. नोकरी गेली माझी."

"गेली? काल तं तुह्यासंगच बोलली मी फोनवर."

मला वाटलं गोंधळ झाला असेल. म्हटलं, "मावशी, दुसरी कोणी असेल."

"अवं, दुसरी कशी असंन? तुहा आवाज मले नाई समजत का? मी म्हनलं, बेटा, सारी पराटी किडली, काय करू? तं तू म्हनली, मावशी, आता त्याच्यात काई नाई राह्यलं, उपटून टाका अन् हरभरा पेरा. म्या आज मानसं लावून उपटून राह्यली. तेच सांगाले आली, का पोरीनं बरं सांगतलं."

माझ्या हातातला कापूस तसाच राहिला. किडलेली पराटी, म्हणजे कपाशी, उपटायचा सल्ला चुकीचा नव्हता. मीही मनात कित्येकदा हेच म्हटलं होतं, पण तोंडातून कधी काढलं नव्हतं. आणि फोनवर त्यांना मावशी म्हणणारी मुलगी दुसरी कोण असणार होती?

मी त्यांचा मोबाइल घेऊन बघितला. आमचाच हेल्पलाइनचा नंबर. मावशींना लिहिता-वाचता येत नाही, पुतण्याने तो एका बटणावर लावून दिलेला. मी स्पीकर चालू केला आणि तेच बटण दाबलं. अब्बा समोर रजई टाचत होते.

दोनदा रिंग वाजली.

"नमस्कार, नसरीन बोलतेय. गाव कोणतं आपलं?"

मी माझा आवाज रेकॉर्डिंगवर खूपदा ऐकलाय, क्वालिटी चेकिंगसाठी ऐकवायचे. तोच होता. 'कोणतं' म्हणताना मी जराशी थांबते, ते थांबणंही होतं. अब्बांची सुई थांबली. ते फोनकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. ते बंद होतं.

"आयकलं? तूच तं हायेस," मावशी म्हणाल्या.

"बोला ना, मी लाइनवर आहे," फोनमधली म्हणाली. आणि तिच्या मागे मला तो मजला ऐकू आला. कीबोर्डची टकटक, खुर्च्यांची चाकं, दहा-बारा जणांचं एकदम बोलणं. आणि अगदी जवळून, डाव्या बाजूने — "हो भाऊ, बोला ना भाऊ."

मी कसंबसं म्हटलं, "कोण बोलतंय तिकडे?"

ती आवाज एकदम खाली आणून, आम्ही माइकवर हात ठेवून एकमेकींशी बोलायचो तसं म्हणाली, "ताई, नंतर करा ना... आत्ता समोर उभे आहेत ते."

फोन कट झाला. परत लावला तर लागला नाही. माझ्या मोबाइलवरून लावला तर 'हा क्रमांक अस्तित्वात नाही.' आजपर्यंत तेच उत्तर येतं.

"ये तू बोल रही थी क्या?" अब्बांनी विचारलं. त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. पुन्हा तो विषय त्यांनी कधीच काढला नाही.

संध्याकाळी मी प्रमोदला फोन केला. तो दुसरबीडला भावाच्या चहाच्या गाड्यावर बसत होता. सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. त्याने उलट मलाच विचारलं, "नसरीन, संध्याकाळी घसा बसतो का तुझा?"

बसत होता. घरी आल्यापासून रोज. अम्मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावत होती, आम्हाला वाटलं कापसाच्या धुळीने असेल.

"इथं कुठं कापूस आहे?" प्रमोद म्हणाला. "दिवसभर मी कोणाशी धड बोलत नाही. गिऱ्हाइकाला ग्लास देतो, पैसे घेतो. पण पाच वाजले की आवाजच निघत नाही बघ. ड्युटी करून आल्यासारखा." मग म्हणाला, "मला याच्याबद्दल परत फोन करू नको. हात जोडतो तुला."

मी केला नाही. त्यानेही नाही.

आता तुम्ही म्हणाल, जुनं रेकॉर्डिंग असेल, किंवा ठेका दुसरीकडे गेला आणि तिथे तशाच आवाजाची कोणी असेल. मी स्वतः हे सगळं बोलून पाहिलंय. रेकॉर्डिंग मावशीला मावशी कसं म्हणेल? आणि दुसरी मुलगी असेल तर तिच्याशेजारी प्रमोद कसा?

पण खरं वाईट त्यानंतर झालं. मावशींनी पूर्ण वावर मोकळं करून हरभरा पेरला. विहिरीला पाणी नव्हतं, उगवला तेवढाही मर रोग लागून पिवळा पडला. आणि तेवढ्यात सरकारी भरपाईसाठी बोंडअळीचे पंचनामे सुरू झाले. ज्यांची किडकी कपाशी उभी होती त्यांच्या वावरात साहेब लोक गेले, फोटो काढले. मावशींच्या बांधावर आले आणि म्हणाले, इथे कपाशी कुठे आहे? मावशी सांगत राहिल्या, होती, उपटली, हेल्पलाइनवरून सांगितलं म्हणून उपटली. कोणी सांगितलं? तर रज्जाकभाईच्या, म्हणजे माझ्या अब्बांच्या, पोरीनं. ते हसून पुढच्या बांधावर गेले. मी तहसीलमध्ये दोनदा जाऊन आले. काय सांगणार होते? मी सांगितलं म्हणू, की नाही सांगितलं म्हणू?

उन्हाळ्यात मावशींनी वावर ठोक्याने, वर्षाचे ठरलेले पैसे घेऊन, दुसऱ्याला कसायला देऊन टाकलं आणि मुलीकडे सुरतेला निघाल्या. तिथे कपड्याच्या कारखान्यात धागे कापायचं काम मिळणार होतं. त्या वयात. मी स्टेशनवर गेले. बाकावर बसल्या होत्या, पायाजवळ एक गाठोडं. मला पाहून सरकून जागा दिली. म्हटलं, "मावशी, चुकलं माझं." दुसरं काही सुचलंच नाही. ती मी नव्हते हे सांगणं त्या क्षणी फार हलकट वाटलं.

त्यांनी माझा हात मांडीवर घेतला.

"तुहं काऊन चुकंन? लय जनाईले फोन लावला व्हता म्या. सारे गोड बोलत. तू सांगता सांगता रडून राह्यली व्हती. मले वाटलं, या पोट्टीले खरंच माही फिकर हाय. म्हून आयकलं तुहं."

गाडी आली. मी गाठोडं आत चढवून दिलं. खिडकीतून त्या हात हलवत होत्या आणि मी प्लॅटफॉर्मवर उभी होते.

मी त्या नोकरीत फोनवर एकदाही रडले नव्हते. रडता यायचंच नाही, कॉल तपासले जायचे. त्यामुळे मावशींशी जी बोलली तिला काय झालं होतं, ती कोणाला घाबरत होती, मला माहीत नाही. गेल्या महिन्यात अकोल्याला एका कॉल सेंटरमध्ये इंटरव्ह्यू होता. हेडसेट कानाला लावला, समोरची बाई म्हणाली, "बोला." मी तो काढून टेबलावर ठेवला आणि बस पकडून घरी आले. अब्बांना सांगितलं, घेतलं नाही. त्यांनी मान हलवली. त्या फोनवर माझ्या आवाजात कोण बोललं, का, कसं, हे मला आजही उलगडलेलं नाही, आणि जिला विचारावं असं वाटतं तिच्यापर्यंत माझा फोन लागत नाही.