जिभेवरचा भंडारा

कंबर माझी होती, पण हुकूम दुखण्याचा चालायचा. वाळूजच्या कंपनीत प्रेस मशीनवर उभं राहून राहून ती धरली होती. चोळून झालं, शेकून झालं, गोळ्या तर चण्याफुटाण्यासारख्या खाल्ल्या. शेवटी संभाजीनगरच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, भूल देऊन कंबर मोकळी करू. जागेपणी दुखरं अंग आखडून धरतं, भुलीत ते सैल पडतं. मग पाय पोटाशी दाबून, मणके वळवून जुना आखडलेपणा मोडायचा. मी मान हलवली खरी, पण तेव्हापासून भीतीनं मला सोडलं नाही. आपण मेल्यागत पडलोय, कुणीतरी आपला कणा पिळतंय आणि आपल्याला ओरडताही येत नाही, हेच डोळ्यांपुढं यायचं. पाय लुळे पडले तर? धाकट्या लेकीचं शिक्षण अजून व्हायचं होतं. देवाचं नाव घ्यावं तर तेही ओठांवर येईना. इतकी वर्षं त्यानं ऐकलं नव्हतं, आता काय ऐकणार, असा राग होता.

आमचं कुळ मेंढपाळांचं, दैवत खंडोबा. ठरल्या दिवशी आई सकाळीच शहरालगतच्या सातारा गावच्या खंडोबाला जाऊन दवाखान्यात आली. माझ्या कपाळाला भंडारा लावला आणि भंडाऱ्यात घोळलेला खोबऱ्याचा तुकडा पुढं केला. आदल्या रात्रीपासून पाणीसुद्धा प्यायचं नाही, अशी ताकीद होती. मी तसं म्हणालो.

"आरं, ते काय खाणं हाय व्हय? देवाचं हाय ते. नाय म्हणू नाय."

आमच्यात प्रसाद कधी खाण्यात मोजलाच नाही. खाल्ला. नंतर सिस्टरनं विचारलं, पोटात काही गेलंय का, तर बिनदिक्कत नाही म्हणालो.

आत नेलं तेव्हा माझी दातखिळी बसायची वेळ आली होती. भूल देणाऱ्या मॅडमना मी पहिल्यांदाच बघत होतो. नळी घालावी लागली तर घसा कसा आहे, ते बघायला त्यांनी आ करायला सांगितलं. मी तोंड उघडलं आणि त्या थांबल्या.

"काका, जीभ पिवळी कशानं?"

"भंडारा, मॅडम. खोबऱ्यासंगं."

त्यांनी हातमोजे काढले. भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जीव जातो, आज काहीच करायचं नाही, म्हणाल्या. मला आईचा असा संताप आला की बाहेर येऊन तिला नको नको ते बोललो.

मॅडमना मोकळा वेळ मिळाला म्हणून असेल, त्या माझ्या खाटेशी येऊन विचारत बसल्या. ताप येतो का? वजन घटलंय का? संध्याकाळी अंग कढत व्हायचं, पॅन्ट ढिली झाली होती. पण कंबरेशी त्याचा काय संबंध म्हणून मी कुणाला सांगितलंच नव्हतं. एमआरआय जुना होता, त्यांनी नवा करायला लावला. मणक्याचा क्षय निघाला. मणका आतून पोखरलेला. कंबर वळवणारे डॉक्टर फिल्म बघून खुर्चीत बसले. "मी हात लावला असता तर तुम्ही पुन्हा उभे राहिला नसता," एवढंच म्हणाले.

आता क्षयाच्या गोळ्या चालू आहेत, पट्टा बांधून चालतो. कुणी याला योगायोग म्हणेल. मी वाद घालत नाही. रिपोर्ट आला त्या दिवशी आईचे पाय धरले आणि म्हणालो, तुझ्या श्रद्धेनं मला वाचवलं. ती रडायलाच लागली.

"कशाची श्रद्धा रं? मला लई भ्या वाटत व्हतं, म्हणून पळाले देवाकडं."

मला वाटायचं, देवाला शरण जायचं तर आधी मनातली भीती जावी लागते. आई भीतभीतच गेली होती. मीही आता देवाकडं तसाच जातो.